गृहिणींना दिलासा? मला कुणी विचारलं होतं?

आज सकाळी डबे भरत होते. टीव्ही चालू होता आणि खाली पट्टी फिरत होती, 'तुरीचे दर घसरले, गृहिणींना दिलासा'. हातातली पोळी हातातच राहिली. दिवसभर ऑफिसात ती पट्टी डोळ्यांपुढून हलली नाही, म्हणून आता जेवणं उरकून लिहायला बसलेय. पोस्ट लांबणार आहे. ज्यांना वेळ आहे त्यांनी वाचा.

मीसुद्धा गृहिणीच आहे. घरातला महिन्याचा किराणा मीच भरते, कुठल्या महिन्यात डाळ किती रुपयांनी चढली ते मला तोंडपाठ असतं. तरी मला दिलासा मिळाला नाही. तूर उतरली की मला आधी आमच्या अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ट्रॉली आठवते.

२०१५ च्या दिवाळीच्या सुमाराला तूरडाळ दोनशे रुपये किलो झाली होती, आठवतंय ना? केवढा गहजब झाला होता! मग सगळीकडून एकच सांगणं सुरू झालं, कडधान्य पेरा. पुढचं २०१६ हे वर्षच संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष म्हणून ठरवलेलं होतं. तुरीला बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये हमीभाव जाहीर झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं होतं. त्यानंतरच्या पावसाळ्यात मात्र पाऊस असा पडला की आमच्याकडच्या माणसांचा जीव भांड्यात पडला. आमचं गाव त्याच भागातलं. अण्णांनी पाच एकर तूर केली. सगळ्यांनीच केली. देशात आदल्या वर्षी तूर २५ लाख टनांच्या आसपास झाली होती, ती त्या एका हंगामात ४८ लाख टनांच्या वर गेली. एका वर्षात जवळजवळ दुप्पट. शेतकऱ्याला सांगून बघा, तो करून दाखवतो. त्यानं करून दाखवलं.

आणि मग आला २०१७ चा एप्रिल.

बाजारात भाव चार हजाराच्या खाली. म्हणून अण्णा ४८ कट्टे तूर भाड्याच्या ट्रॉलीत भरून हमीभावाच्या खरेदी केंद्रावर गेले. रविवारी रात्रीच जाऊन नंबर लावला. पहिले दोन दिवस फोनवर म्हणायचे, "बारदाना आला नाही अजून, उद्या येईल म्हणतेत." तिसऱ्या, चौथ्या दिवशीही तेच. बारदाना म्हणजे पोती. तूर होती, शेतकरी होता, काटा होता, भरायला पोतीच नव्हती.

१४ एप्रिलची सुट्टी शनिवार-रविवारला जोडून आली होती. मी रात्रीच्या एसटीनं निघाले. आईनं धपाटे आणि शेंगाचटणी बांधून दिली, ती घेऊन केंद्रावर पोचले तर नजर जाईल तिथपर्यंत ट्रॅक्टर. ट्रॉल्यांच्या खाली गोणपाट टाकून माणसं झोपलेली. ऊन असं की पत्र्याला हात लावता येत नव्हता. अण्णा मला बघून उठले आणि पहिलं काय म्हणाले, "तू कशाला आलीस गं माय एवढ्या उन्हाचं?"

त्यांच्या डाव्या तळहातावर निळ्या पेनानं आकडा लिहिलेला होता. ४१७. टोकनची चिठ्ठी घामानं भिजून फाटायला आली होती, म्हणून त्यांनी नंबर हातावर लिहून ठेवला होता. तो घामानं पुसट झाला की शेजारच्या ट्रॉलीवाल्याकडून पेन मागायचे आणि त्याच रेघांवरून परत गिरवायचे. सहा दिवस गिरवत होते. माझ्या बापाच्या हातावर नांगराचे घट्टे आहेत, त्या घट्ट्यांवर तो आकडा. मी ते बघितलंय. तुम्ही मला दिलासा सांगू नका.

दुपारी तपासणीवाला आला. ट्रॉलीत हात घालून मूठभर तूर काढली, तळहातावर फुंकली, चार बारके दाणे बोटानं बाजूला केले आणि म्हणाला, "चाळून घ्या काका." अण्णा भर उन्हात चाळणी घेऊन बसले. मीही बसले. चाळणीखाली पडलेलं मातेरं त्यांनी गमछात बांधून ठेवलं. म्हणाले, "ही बी तूरच हाय. कोंबड्याला होईल."

मी परत आले. अकराव्या दिवशी त्यांनी ट्रॉली वळवली आणि व्यापाऱ्याला ३,९०० नं तूर देऊन टाकली. ट्रॉलीचं भाडं उभ्याउभ्या चढत होतं, घरी आई एकटी, धाकट्या भावाच्या सासरचं लग्न तोंडावर. २४ क्विंटलला क्विंटलमागे साडेअकराशे रुपये गेले. हिशेब तुम्हीच करा. दोन दिवसांनी, २२ एप्रिलला, खरेदी बंद झाली. आणि त्यानंतर सरकारनं जाहीर केलं की २२ तारखेपर्यंत जे रांगेत उभे होते त्यांची तूर घेऊ. अण्णा दोन दिवस आधी रांगेतून बाहेर पडले होते.

त्या हंगामात सरकारनं तुरीची पूर्वी कधी केली नव्हती एवढी खरेदी केली, हे मान्य. पण ज्याचा नंबर लागला नाही त्यानं या वाक्याचं काय करायचं?

आता मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो ते सांगते. २०१६ च्या जुलै महिन्यात, आमच्याकडं पेरण्या चालू असताना, मोझांबिकशी पाच वर्षांचा करार झाला. तिथून डाळी आणायच्या, पहिल्या वर्षी एक लाख टन, वाढवत वाढवत दोन लाख टन. म्हणजे इकडं शेतकऱ्याला सांगायचं पेर आणि तिकडून जहाजाची व्यवस्था करून ठेवायची. बरं, २०१७ मध्ये तूर धो धो आली तेव्हा तरी बंदरं आवळायची! आयातीवर दोन लाख टनांची मर्यादा आली ऑगस्टमध्ये. डाळींच्या निर्यातीवर २००६ पासून बंदी होती, ती तूर, मूग आणि उडीद यांच्यावरून उठली सप्टेंबरमध्ये. ऑगस्ट-सप्टेंबरात कुठल्या लहान शेतकऱ्याच्या घरात तूर शिल्लक असते? एप्रिल-मेमध्येच मातीमोलानं गेलेली असते. निर्णय चुकीचे होते असंही मी म्हणत नाही. घर रिकामं झाल्यावर आले, एवढंच म्हणते. आणि हे कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. डाळींवर तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यम यांच्या समितीनं २०१६ च्या सप्टेंबरातच अहवाल दिला होता. त्यात हमीभावानं मोठी खरेदी करा, निर्यातबंदी उठवा, साठ्यावरच्या मर्यादा काढा, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. तूर तेव्हा शेतात उभी होती.

आठ वर्षांनी, २०२५ मध्ये, काय झालं बघा. त्या जानेवारीच्या २० तारखेला तुरीच्या शुल्कमुक्त आयातीला आणखी एका वर्षाची मुदत मिळाली, ३१ मार्च २०२६ पर्यंत. आमच्याकडं तेव्हा तुरी कापून शेतात पसरलेल्या, कुठं मळणी चालू. बारा दिवसांनी, १ फेब्रुवारीला, अर्थसंकल्पात घोषणा झाली की देश डाळींमध्ये स्वावलंबी करायचा, सहा वर्षांची मोहीम, तूर-उडीद-मसूर यांच्यावर खास भर, नोंदणी केलेला शेतकरी देईल तेवढी तूर पुढची चार वर्षं घेणार. ऐकायला चांगलं वाटलं. खरंच वाटलं, मी खोटं का बोलू? पण बारा दिवसांपूर्वी उघडं ठेवलेलं दार तसंच उघडं राहिलं. त्या हंगामाचा तुरीचा हमीभाव ७,५५० होता आणि भाव त्याच्या खाली गेला. म्हणूनच तर अशा पट्ट्या फिरतात. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता, आमच्याकडं चार हजाराला विकलं. पिवळा वाटाणा २०२३ च्या डिसेंबरपासून बिनशुल्क येत होता, त्यानं हरभऱ्याचा भाव दाबला. शेतकऱ्यानं पेरायचं तरी काय?

माझ्या यादीतले निम्मे लोक माझ्यासारखेच गावाकडून आलेले आहेत. तुमचेही बाप, काका, मामा कुठल्यातरी रांगेत उभे राहिलेत. तुम्हाला हे सांगायची गरज नाही, म्हणूनच तुमच्यावर जास्त चिडचिड होते. डाळ वीस रुपयांनी वाढली की आपणच ग्रुपवर महागाईचे मेसेज फिरवतो. हॉटेलात वाटीभर दाल फ्रायचे अडीचशे रुपये बिनबोभाट देतो आणि किलोभर डाळ पावणेदोनशेला झाली की सरकार पडायला हवं असं वाटतं. सरकार कुठल्याही पक्षाचं असो, ते आपल्या ओरडण्याला घाबरतं. अण्णांच्या तळहाताला कोण घाबरतं?

थांबते जरा. गरिबाला महाग डाळ परवडत नाही, हे खरं आहे. २०२४ मध्ये डाळ दीडशेच्या वर गेली तेव्हा आमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशींनी वरणात पाणी वाढवलं, त्यांनीच सांगितलं मला. त्यांची मुलगी वाढीच्या वयात आहे.

पण मग मावशींना डाळ द्या ना! रेशनवर देशातल्या ८० कोटी लोकांना महिन्याला माणशी पाच किलो धान्य मिळतं आणि ते तांदूळ, गहू किंवा भरडधान्य. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात डाळ नाहीच. पोट भरायची हमी दिली, अंगाला लागायची नाही दिली. अण्णांसारख्यांची तूर हमीभावानं घ्या आणि मावशींच्या रेशनकार्डावर महिन्याला किलोभर द्या. दोघंही जगतील. पण तसं करायचं तर पोती लागतात, गोदामं लागतात, खर्च लागतो. बंदराचं दार उघडायला एक अधिसूचना पुरते. स्वस्त डाळीचा सगळा भार शेतकऱ्याच्या एकट्याच्या खांद्यावर टाकायचा आणि त्याला दिलासा म्हणायचं, हे मला गिळवत नाही.

२०१७ नंतर अण्णांनी काय केलं ते ऐका. पाच एकर तुरीचं एक एकर झालं, तेही सोयाबीनमध्ये पट्टा म्हणून. विहिरीला थोडं पाणी होतं, भावानं तिथं ऊस लावला. मी भांडले त्याच्याशी. रेल्वेनं पाणी आणलेल्या जिल्ह्यात ऊस लावतोस, लाज नाही वाटत, असं तोंडाला येईल ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, उसाला कायद्यानं भाव हाय. कारखाना थकवील, पण कधी ना कधी देईल. तुरीला नंबर लावून अण्णा अकरा दिवस ट्रॉलीखाली झोपले ते मी इसरलो नाही." माझ्याकडं उत्तर नव्हतं. उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यायचा नियम १९६६ च्या आदेशापासून आहे. उशीर होतो, आंदोलनं करावी लागतात, तरी भांडायला हातात कागद असतो. तुरीच्या हमीभावाला तसा कागदच नाही. व्यापाऱ्यानं ३,९०० नं घेतली तरी त्याला कुणी जाब विचारत नाही.

तूर हे पावसावर येणारं पीक. मुळांतून जमिनीला नत्र देतं, पाला गाळून जमीन झाकतं. तुरीचा बेवड चांगला, असं आमच्याकडचं जुनं माणूस सांगतं, म्हणजे तिच्या मागून येणारं पीकही जोमदार येतं. तुराट्या चुलीला आणि कुडाला. असं पीक आम्ही सोडलं आणि वर्षभर पाणी पिणारं पीक धरलं. माझ्या भावाची अक्कल कमी पडली म्हणून नाही. त्यानं बरोबर हिशेब केला. त्याला तो हिशेब करायला लावणारी धोरणं चुकली. ४८ लाख टनांवर गेलेली देशाची तूर अलीकडं ३४-३५ लाख टनांवर आलीय. मग आफ्रिकेतून आणा, म्यानमारमधून आणा. आणली की इथला भाव पडतो, पडला की पेरा घटतो, घटला की आणखी आणा.

आणि याला आपण अन्नसुरक्षा म्हणतो! गोदामात गहू-तांदळाचे ढीग आहेत म्हणून आपण सुरक्षित?

माझी आजी १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी सांगायची. परदेशातून आलेला लाल मिलो रेशनवर मिळायचा. भाकरी थापली तर तुटायची, पोटात दुखायचं, तरी खायचे. खडी फोडून सुकडी खायची. त्याच्या आधी, १९६५-६६ ला, अमेरिकेचं गव्हाचं जहाज कधी सुटणार यावर आपलं जेवण अवलंबून होतं. तिथले अध्यक्ष जॉन्सन हात आखडून, थोडं थोडं करून धान्य सोडत होते आणि शास्त्रीजींनी देशाला सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं होतं. आजीनं ते सोमवार पुढे कितीतरी वर्षं धरले. देव म्हणून नाही, सवय म्हणून. दुसऱ्याच्या जहाजावर चूल पेटवायची म्हणजे काय असतं ते त्या पिढीला माहीत होतं.

आपल्याला वाटतं ते दिवस गेले. तेलाचं बघा. आमच्या भागात घराघरात करडईचं तेल होतं. रब्बीला करडईची काटेरी पिवळी-केशरी रानं मी लहानपणी तुडवलीत, पायाला ओरखडे यायचे. आज करडई शोधावी लागते. देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. २०२२ च्या एप्रिलअखेर इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात तीन आठवडे बंद केली तेव्हा आपल्या स्वयंपाकघरात काय हाल झाले ते विसरलात? त्यांनी त्यांचं बघितलं. त्याच मे महिन्यात आपणही गव्हाची निर्यात रातोरात थांबवली, १३ तारखेला. वेळ आली की जो तो आपलं दार लावून घेतो. मग उद्या मोझांबिकनं लावलं, म्यानमारनं लावलं तर वरणाला काय घालणार? तेव्हा अण्णांकडं जाणार, पेरा म्हणून?

ते पेरतीलही. तेच तर दुखतं.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या सभांना अण्णा तरुणपणी जायचे. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा मी शाळेत जायच्या आधी शिकले, अण्णांच्या खांद्यावर बसून. शेतकऱ्याला अनुदान मिळतं हे खोटं आहे, भाव पाडून उलट त्याच्याकडून काढून घेतलं जातं, असं जोशी आकडे मांडून सांगायचे. अण्णांना ते सगळे आकडे तेव्हा कळले असतील की नाही, माहीत नाही. ट्रॉलीखाली झोपून कळले.

माझी मागणी फार मोठी नाही. कर्जमाफी मागत नाही, फुकट काही मागत नाही. पेरणीच्या वेळी जो नियम सांगाल तो माल विकून होईपर्यंत बदलू नका. आयात करायची असेल तर जूनच्या आधी सांगा, म्हणजे माणूस काय पेरायचं ते ठरवेल. आणि हमीभाव जाहीर करणार असाल तर पोती आधी आणून ठेवा.

टीव्हीवाल्यांना एवढंच सांगायचंय, माझ्या नावानं दिलासा लिहू नका. मला माझ्या बापाला बुडवून डाळ स्वस्त नकोय. तुमच्यापैकी कितीजणींना हवीय? हवी असेल तर खाली स्पष्ट लिहा, मी वाद घालणार नाही.

हे लिहितालिहिता मध्येच घरी फोन केला. आईनं उचलला, गुडघे दुखतायत म्हणाली, मग अण्णांकडं दिला. यंदाच्या एका एकरातल्या पट्ट्याची साडेतीन क्विंटल तूर झालीय. चांगली आहे म्हणाले, दाणा टपोरा आहे. आता नंबर हातावर लिहायला लागत नाही, मोबाईलवर नोंदणी होते, आधार आणि सातबारा लागतो, गावातला एक पोरगा पन्नास रुपये घेऊन करून देतो. व्यापारी सात हजाराला मागतोय, रोख, घरी येऊन नेणार. सगळं सांगून झालं आणि मग जरा वेळ गप्प राहिले. मला वाटलं फोन कटला.

मग म्हणाले, "तूच सांग माय. नंबर लावू, का देऊन टाकू?"

उद्या सांगते म्हणाले. बारा वाजत आलेत, अजून ठरत नाही.